माणसाने बघावे

त्या सकाळी करेनला जाग आली ती ठोकाठोकीने. दुबईच्या करामा भागातल्या त्यांच्या जुन्या इमारतीच्या भिंती अशा की शेजाऱ्याने कूस बदलली तरी इकडे कळावं, आणि इथे तर पपा उजाडायच्या आधीच हातोडी घेऊन बसले होते.

"पपा, हळू ठोक. लोक झोपलेत," ती आतूनच ओरडली.

"झालं, झालं."

आणखी एक ठोका पडला आणि मग थांबलं. काय ठोकत होते ते तिने विचारलं नाही. जोकिम तुस्कानो हा माणूस सदा काहीतरी दुरुस्त करत असे. कपाटाची बिजागरी, चपलेचा अंगठा, बाथरूमची कडी. भाड्याच्या घराला एवढं कशाला सजवतोस, असं ती सुरुवातीला म्हणायची. पुढे म्हणणं सुटलं, ठोकाठोकी राहिली.

ती बाहेर आली तेव्हा चहा झाकून ठेवलेला होता, शेजारी तिचा डबा. पपा युनिफॉर्मचा शर्ट पँटीत खोचून बुटाच्या नाड्या बांधत होते. रास अल खोरला एका केटरिंग कंपनीचं मोठं किचन होतं, तिथे ते स्टोअरकीपर. तांदूळ, तेल, कांदे, गोठवलेलं चिकन, ट्रकमधून जे उतरेल ते त्यांच्या नजरेखालून आत जायचं. त्यांचा शर्ट कितीही धुतला तरी कांद्याच्या गोणीचा वास त्याला असायचाच. करेन लहान असताना पपा दोन वर्षांतून एकदा वसईला सुट्टीवर यायचे, तेव्हा बॅग उघडली की सेंट आणि चॉकलेटांच्या मागून तोच वास यायचा. तिच्या लेखी बापाचा वास तो. आता ती स्वतः दुबईत नोकरीला लागून त्यांच्याबरोबर राहत होती आणि वासाकडे लक्ष जाईनासं झालं होतं.

नाडीची गाठ मारून त्यांनी वर पाहिलं. "बारीक झालीस, बाय."

हे ते रोज म्हणत. ती बारीक झाली नव्हती, तिच्या कुडत्यांच्या शिवणी त्याला साक्ष होत्या. पण त्यांच्या गावाकडे परदेशातून आलेल्या माणसाच्या बॅगेला हात लावायच्या आधी हेच म्हणायची पद्धत. तीन हनुवट्या घेऊन उतरलेल्यालाही म्हातारी मावशी गालावरून हात फिरवून म्हणणार, किती बारीक झालास रे. मग त्याने 'कुठे गं' म्हणायचं आणि जेवायला बसायचं. पपांनी ही पद्धत गावाहून इथे आणून रोजच्या वापरात ठेवली होती.

"चष्मा बदल, पपा," करेनने नेहमीचं उत्तर दिलं. चारचौघांत ती 'पपा आले, पपा गेले' असं बोलायची, घरात मात्र तू.

खाली कंपनीच्या बसने हॉर्न दिला. ड्रायव्हर दार उघडून "यल्ला, चलो, जोकिम भाई" म्हणाला ते चौथ्या मजल्यावर ऐकू आलं. पपा गेले. ती चहा पीत फोन बघत बसली.

करेन ज्या कंपनीच्या एचआरमध्ये होती तिने पपांची केटरिंग कंपनी नुकतीच विकत घेतली होती. माणसं या कंपनीतून त्या कंपनीत आली, म्हणजे प्रत्येकाचे कागद नव्याने तपासणं आलं. इथे काम करायचा हक्क कुणाला आहे, कुणाला नाही, हे नव्या मालकाने स्वतः बघायचं असतं. पूर्वी पासपोर्ट हातात घेऊन, पान उजेडात धरून हे होई. आता ते फोनवर आलं होतं. माणसाने आपलं इथलं रहिवासी कार्ड आणि पासपोर्ट फोनसमोर धरायचा, मग आपला चेहरा धरायचा. थोड्या वेळात निकाल करेनच्या स्क्रीनवर.

निकाल तीन रंगांचे. हिरवा म्हणजे कागद खरे आणि माणूस तोच. लाल म्हणजे कागदातच खोट. भांडणं व्हायची ती केशरीवरून. केशरीसमोर इंग्रजीत दोन शब्द येत. टीममध्ये नवीन मुलं आली की करेन त्यांना त्याचा सरळ अर्थ सांगे, माणसाने बघावे. मशीन 'नाही' म्हणत नाहीये, ती समजावायची, मशीन म्हणतंय मला कळत नाही. फोटोवर उजेड पडला असेल, कार्डाची चिप वाचली गेली नसेल, किंवा चेहरा फोटोशी पुरेसा जुळत नसेल. चेहऱ्यावरून केशरी आलं की दोन्ही फोटो शेजारी ठेवायचे. आधी कान बघायचे, कान सहसा बदलत नाहीत. मग भुवया, मग नाक. गाल अगदी शेवटी, कारण गालांचा काही भरवसा नसतो.

त्या दिवशी तिच्यापुढे खतीजाचा केशरी होता. खतीजा त्याच केटरिंग कंपनीच्या, डोंगरापलीकडे खोर फक्कानच्या बंदरावरच्या कँटीनमध्ये भांडी घासायला आणि भाजी चिरायला. मूळची हर्णैची. तिचे कागद सगळे खरे निघाले होते, फक्त कार्डावरचा चेहरा आणि फोनसमोरचा चेहरा जुळत नव्हता. तिथला मॅनेजर सुजीत, पुण्याचा मुलगा, त्याने तिला कामावरून बसवून ठेवलं होतं आणि फोनवर हुज्जत घालत होता.

"मॅडम, मशीन नाही म्हणतंय तर मी हो कसा म्हणू? उद्या इन्स्पेक्शन आलं तर लाइनीत उभा मला करणार."

"मशीन नाही म्हणत नाहीये, सुजीत."

"अहो, फोटोतली बाई टरबूज आणि इथे बसलीय ती खारीक. मी पण केशरीच दिलं असतं."

"तू तिच्याकडे बघितलंस?"

"रोज बघतो की."

"रोज बघणं निराळं. फोटो हातात घे, तिला समोर बसव, आणि नीट बघ."

सुजीत हो-हो म्हणाला, पण त्यापेक्षा तिचा पुन्हा फोटो काढून पाठवतो, म्हणाला. करेनने कपाळाला हात लावला. नव्या कंपनीने महिनाअखेरपर्यंत सगळ्यांची परमिटं आपल्या नावावर घ्यायची होती, त्यांना फार तर एकदा मुदतवाढ मिळाली असती. ज्याचा निकाल तोवर अडकून राहील त्याची परत पाठवणी. खतीजाची नोकरी त्या एका रंगावर टांगली होती आणि सुजीतला ते रंगकाम मशीननेच करून हवं होतं.

हे चाललं असतानाच शेजारच्या ओवेसने खुर्ची वळवली. ओवेस कराचीचा, तिच्याच टीममधला. घरच्या माणसाचा निकाल आपण बघायचा नाही असा त्यांचा नियम होता, म्हणून पपांची फाइल करेनने त्याच्याकडे दिली होती.

"करेन, अंकल केशरी आये हैं. चेहरा मॅच नहीं हो रहा."

सुजीत कानात बोलतच होता. करेनने फोनवर तळहात ठेवला. "पुराना फोटो होगा. पापा ही हैं, मैं नहीं पहचानूँगी क्या?"

"देखोगी एक बार?"

"रूल है ना, मैं नहीं देख सकती," ती म्हणाली आणि हसली.

"तुम बोलती हो तो खलास," ओवेस म्हणाला. त्याने बटण दाबलं. करेन पुन्हा खतीजाच्या बाजूने भांडायला लागली.

संध्याकाळी तिने जेवताना पपांना सांगितलं की तू केशरी आला होतास.

"केशरी? म्हणजे जिलबीच झालो." ते खूश झाले. "आणि मग?"

"मग ओवेसने हिरवा केला. आता तू ऑफिशियली जोकिम तुस्कानो आहेस."

"बरं झालं. तुझ्या ममीला कळव. तिला अजून खात्री नाही."

त्यांनी पानातला बोंबील तिच्या पानात सरकवला. पोट भरलं, म्हणाले. हल्ली ते असं करत, आणि तिला बोंबील आवडत, म्हणून ती खाई. जेवणानंतर ममीचा व्हिडिओ कॉल आला. पपांनी फोन नेहमीसारखा असा धरला की वसईला ममीला त्यांचं कपाळ आणि छताचा पंखा एवढंच दिसावं. ॲडेलिन, पंखा नवीन घेतलाय, बघ, असं ते म्हणाले. ममी चिडली, तोंड दाखव म्हणाली. त्यांनी फोन करेनकडे दिला. घे, तुझी मुलगी बघ, तीच बारीक झालीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकाठोकी झाली नाही. करेन उठली तेव्हा ते गेलेले होते, डबा टेबलावर होता. ऑफिसात पोचून तिने पर्स खाली ठेवली तोच रास अल खोरहून फोन आला. पपा स्टोअरमध्ये तांदळाच्या गोण्यांशी उभे होते, गोणीवर हात टेकून खाली बसले, आणि मग बसल्याजागी कलंडले. ॲम्ब्युलन्स आली होती. करेन हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

डॉक्टर मल्याळी बाई होती, थकलेली, पण घाईत नव्हती. तिने करेनला खुर्चीवर बसवून सांगितलं की रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेली. पण पोटात त्याआधीपासूनच मोठं काहीतरी वाढत होतं. गेल्या काही महिन्यांत त्यांचं वजन बरंच उतरलं असणार, नाही का, तिने विचारलं. करेनने तिच्याकडे नुसतं बघितलं. डॉक्टरला वाटलं मुलगी दोष शोधतेय. ती म्हणाली, आधी कळलं असतं तरी या आजारात फारसा फरक पडत नाही. करेनने मान हलवली. ती दोष शोधत नव्हती. ती आठवत होती, आणि पपांचा चेहरा तिला आठवत नव्हता. म्हणजे आठवत होता, पण तो पासपोर्टातला.

पुढचे दिवस कागदांचे गेले. व्हिसा रद्द करणं, पासपोर्ट रद्द करणं, विमान कंपनीचं पत्र. प्रत्येक खिडकीवर तिने तोच फोटो सरकवला आणि प्रत्येक माणसाने त्याच्याकडे क्षणभर बघून शिक्का मारला. तिचं कामच ते असल्यामुळे कुठे काय लागेल हे तिला बरोबर माहीत होतं. ओवेस सगळीकडे बरोबर होता. कुणीतरी म्हणालं, मुलगी किती खंबीर आहे. ती खंबीर नव्हती, फक्त क्रम ठाऊक असलेली होती.

वसईला घरी शवपेटी उघडली तेव्हा दुपार होती. पपांना घालायला त्यांचा सूट काढला होता, तिच्या धाकट्या भावाच्या, डीनच्या लग्नात शिवलेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. मार्ककाका आणि डीन त्यांना कपडे घालत होते आणि करेन दाराशी उभी होती. कोट अंगावर चढवला तर तो दोन्ही बाजूंनी लोंबू लागला, जणू कुणा थोरल्या भावाचा. काकांनी कोटाच्या पाठीला चुण्या घातल्या आणि टाचण्या मागितल्या. डीनने टाचण्यांचा डबा आणला. पाठीमागून टाचून टाचून त्यांनी कोट समोरून बेताचा केला. आता कुणाला कळणार नाही, काका म्हणाले.

ममीला कळलं. तिने खुर्ची पेटीजवळ ओढून घेतली, पपांच्या गालावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. रडली नाही. मग तिने मान वळवून करेनला विचारलं, "तिथे जेवत नव्हता का गं?"

आवाजात आरोप नव्हता. तिला खरंच माहिती हवी होती. करेन तिथे असते, करेनला माहीत असणार.

"जेवायचे, ममी," करेन म्हणाली. बोंबील तिला त्या क्षणी आठवला आणि तिने तोंड फिरवलं.

चर्चमध्ये पपांच्या नावाची महिन्याची मिस्सा झाल्यावर ती दुबईला परत आली. घरात शिरल्यावर पहिल्यांदा पंखा लावला, मग तो बघवेना म्हणून बंद केला. हॉस्पिटलने पपांच्या अंगावरच्या वस्तू एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिल्या होत्या, ती पिशवी तशीच कपाटात होती. तिने ती काढली. घड्याळ, रोजरी, कंपनीचं ओळखपत्र आणि पट्टा.

पट्टा तिनेच घेऊन दिलेला. मूळची भोकं एका ओळीत, सारखी. त्यांच्या पुढे आणखी भोकं होती, खिळ्याने पाडलेली, वेडीवाकडी, एकापुढे एक. जुन्यांच्या कडा वापरून गुळगुळीत झालेल्या. शेवटच्याची कड अजून खरबरीत होती आणि कातड्याचा एक बारीक तुकडा तिथे तसाच चिकटून होता. पट्टा हातात घेऊन ती पलंगाच्या कडेला बसली. ती सकाळ एकटी नव्हती, आधीच्याही सकाळी तिला ऐकू येऊ लागल्या. झालं, झालं. आणि दर वेळी आतून तीच एक ओरडलेली, हळू ठोक.

ऑफिसात लोकांनी हात हातात घेतले, मग कामाला लागले, ते तिला बरं वाटलं. स्क्रीन उघडली तर खतीजा अजून केशरीच. तिच्या मागे सुजीतने पाठवलेल्या फोटोंची रांग होती. भिंतीपुढे, खिडकीपुढे, डोक्यावरचा पदर काढून, पुन्हा घेऊन. मशीनने दर वेळी तेच सांगितलं होतं, मला कळत नाही, माणसाने बघावे. आणि सगळ्यांनी मिळून पुन्हा मशीनलाच विचारलं होतं. टीमची प्रमुख दर्शना म्हणाली, खोर फक्कानला जाणार कोण, आणि ती केस तुझी होती. परमिटांची मुदत एकदा वाढवून मिळाली होती, आता उद्या संपत होती. सुजीतने खतीजाचं परतीचं तिकीट काढायची परवानगी मागितली होती.

"मी जाते," करेन म्हणाली. "आज."

ती उठली तसा ओवेसने आवाज दिला. तो खाली बघत बोलत होता. अंकलची फाइल त्याने अजून बंद केली नव्हती. फाइल बंद झाली की चेहऱ्याचे फोटो पुसले जातात, ठेवायला किंवा काढून घ्यायला परवानगी नसते, हे तिला ठाऊकच होतं. पपांचा तो फोटो ते कोसळायच्या आदल्या दिवशीचा होता, स्टोअरमध्ये काढलेला.

"आखरी फोटो है, करेन. मैंने सोचा, तुम देख लो, फिर बंद करेंगे. अब तो रूल भी नहीं लगेगा."

तिने लॅपटॉप पिशवीत घातला. "बघते," म्हणाली.

डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यांमधून रस्ता पलीकडे उतरतो आणि एकदम समुद्र आणि बंदराच्या क्रेन दिसतात. टॅक्सीवाला पठाण होता, बोलका, पण तिच्या काळ्या ड्रेसकडे बघून त्याने गाणी बंद केली. कँटीनच्या दारात सुजीत वाट बघत होता. त्याने आधी पपांबद्दल विचारलं, नीट विचारलं, आणि मग अवघडून म्हणाला, मॅडम, मी काही तिच्या वाइटावर नाही. मला भीती वाटते. चुकीच्या माणसाला हो म्हटलं तर माझंही घर इथेच आहे.

"माहीत आहे," करेन म्हणाली. "सही मी करणार. तू नको."

बसायला जागा एकच मोकळी होती, कँटीनचं कोठार. तांदळाच्या गोण्या छतापर्यंत, कोपऱ्यात कांदे. आत पाऊल टाकल्याबरोबर तो वास आला आणि करेनने दाराची चौकट धरली. सुजीतला वाटलं गरम होतंय, तो पंखा आणायला गेला.

खतीजा आली आणि स्टुलाच्या कडेवर बसली, विनातिकीट माणसाने टीसीपुढे बसावं तशी. पन्नाशीची असेल. गाल खरंच बसलेले, तोंड आत ओढलेलं. करेनने कार्डावरचा फोटो लॅपटॉपवर मोठा केला. त्यात एक गोल, भरलेला, हसरा चेहरा होता. टरबूज म्हणणाऱ्याचं चुकलं नव्हतं.

"जरा माझ्याकडे बघा, मावशी. असंच. आता बाजूला."

तिने आधी कान बघितले. डाव्या कानाची पाळी खाली चिकटलेली, उजव्याची सुटी. फोटोत तसंच. मग भुवया. उजव्या भुवईत एक जागा केस न उगवलेली. फोटोत ती धूसर होती, पण होती. मग नाक. कपाळाची कड. फोटोवरून चेहऱ्याकडे, चेहऱ्यावरून फोटोकडे. ती वेळ घेत होती. इतका वेळ इतक्या जवळून आपण कुणाकडे कधी बघितलं होतं ते तिला आठवेना.

"काय गो, एवढं काय बघतेस?" खतीजा अखेर म्हणाली. "माझ्या घोवानंपण नाही बघितलं एवढं."

दारात पंखा घेऊन उभा असलेला सुजीत हसला. खतीजाही हसली, आणि हसताना तिने हात तोंडावर नेला. करेनने तो हात हळूच खाली केला. वरच्या हिरडीत एकही दात नव्हता.

"कधी काढले?"

"झालं वरीस. सडलेले होते, डॉक्टर म्हणाला सगळे काढ. कवळीला पैसे कोण देणार? मग काय, गाल गेले दातांमागं." तिने खांदे उडवले. "कुणी विचारलंच नाय. मशीनपुढं उभी करतात, तोंड मीट म्हणतात, हलू नको म्हणतात."

करेनने तिला आईचं नाव, जन्मगाव, पहिला मालक असं थोडं विचारलं. सगळं कागदांशी जुळलं. मग निकालाखालच्या रिकाम्या चौकटीत तिने लिहिलं की समक्ष बघितलं, कान, भुवई आणि नाक तंतोतंत जुळतात, वरचे दात काढल्यामुळे गाल बसले आहेत, व्यक्ती तीच आहे. खाली स्वतःचं नाव टाकलं. केशरीचा हिरवा झाला.

"उद्यापासून कामावर," तिने सांगितलं.

खतीजाने आधी सुजीतकडे बघितलं. त्याने मान हलवल्यावर तिने पदराने डोळे पुसले आणि ती बाहेर गेली. सुजीतही गेला, परमिटाची पुढची पायरी लगेच उरकून घ्यायला. कोठारात करेन एकटी राहिली.

खतीजा परत आली ती चहाचा ग्लास घेऊन. तो तिने लॅपटॉपशेजारी ठेवला आणि उभीच राहिली. आता तीही करेनकडे बघत होती, तसंच, निवांत.

"काळं घातलंस. घरचं कोण गेलं?"

"पपा."

खतीजाने तिच्या गालावर पालथा हात ठेवला. हाताला चिरलेल्या कांद्याचा वास होता.

"म्हणून गो," ती म्हणाली. "बारीक झालीस, बाय."

करेनला उत्तर पाठ होतं, पण ते पपांना द्यायचं होतं. खतीजाने हात काढला, चहा निवतोय म्हणाली आणि जाताना दार ओढून घेतलं.

करेनने ओवेसकडून आलेली फाइल उघडली. दोन फोटो शेजारी शेजारी आले. डावीकडे पासपोर्टातले पपा, टाय लावलेले, गळा भरलेला. उजवीकडच्या फोटोत मागे तांदळाच्या गोण्या होत्या. हसू नका, असं कुणीतरी सांगितलं असणार, कारण ते हसू दाबत होते. शर्टाची कॉलर मानेभोवती गोल उभी राहिली होती, आत दोन बोटं सहज जातील एवढी. एका बाजूला हाताची कड दिसत होती. फोन त्यांनी स्वतः धरलेला होता, सरळ, चेहऱ्यासमोर. या एका वेळेला त्यांनी छत दाखवलं नव्हतं.

तिने शिकवलं होतं तसंच केलं. आधी कान बघितले. तेच होते, मोठे, थोडे पुढे आलेले, डीनने आणि तिने घेतलेले. मग भुवया, उजवीत एक लांब पांढरा केस, तो ती कापू का विचारायची आणि ते नको म्हणायचे. मग नाक. मग काही उरलं नाही, म्हणून गाल. ते नव्हतेच. डोळ्यांखालून हनुवटीपर्यंत सरळ सावली उतरली होती आणि त्या सावलीतून ते तिच्याकडे बघत होते. मशीनला कळलं नाही हे बरोबरच होतं. त्या दिवशी तिलाही कदाचित कळलं नसतं, पण निदान तिने बघितलं तरी असतं.

बंद करायचं बटण खाली होतं. तिने त्याला हात लावला नाही अजून. ग्लासातल्या चहावर साय धरली होती. बाहेर कुणीतरी भांडी लावत होतं. करेनने स्क्रीनवर, त्या सावलीवर, बोट ठेवलं, गालावर ठेवतात तसं.

"पपा," ती मोठ्याने म्हणाली, "किती बारीक झालास रे."